घरट्यातली दोन पिल्ले

आंब्याला मोहोर येण्याच्या दिवसांत किनाऱ्यालगतच्या उंच झाडांकडे पाहत चालण्याची ज्याला खोड आहे, त्याला समुद्री गरुडाचे घरटे फारसे शोधावे लागत नाही. दापोली-गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत एखाद्या आंब्याच्या किंवा सुरूच्या शेंड्यापाशी, वर्षानुवर्षे भर पडून वाढलेला काटक्यांचा भला मोठा भारा लांबूनच डोळ्यांत भरतो. त्याखालच्या पाचोळ्यात माशांचे काटे आणि समुद्रसापांची हाडे सापडली, की शंकेला जागा उरत नाही. खरी कसोटी लागते ती घरट्यात पिल्ले दिसू लागल्यावर.

मादी बहुधा दोन अंडी घालते, तीही काही दिवसांच्या अंतराने. सुमारे ४० दिवसांच्या उबवणीनंतर थोरले पिल्लू धाकट्याच्या आधी बाहेर येते. सुरुवातीला ही वडीलकी उघडच दिसते. पांढुरक्या लवीने झाकलेली ती दोन डोकी काठावरून डोकावू लागली, की आईच्या चोचीतला सापाचा तुकडा जे आधी ओढून घेते ते थोरले, असे खुशाल समजावे. कोण जेवले आणि कोण उपाशी आहे, हेही गळ्याखालच्या फुगलेल्या पिशवीवरून कळते. अन्न कमी पडले तर धाकट्याचे हाल होतात आणि पुष्कळदा घरट्यातून एकच पिल्लू उडते.

दोन्ही जगली तर मात्र आकारावर विसंबून चालत नाही. या गरुडांत मादी नरापेक्षा मोठी असते. त्यामुळे थोरला नर आणि धाकटी मादी असेल, तर काही आठवड्यांत धाकटीच अंगाने भरते. म्हणून थोरले कोणते हे ठरवताना, पंखांच्या कडेने गडद पिसे आधी कोणाला फुटतात याकडे मी अधिक लक्ष देतो. हे निरीक्षण दुर्बिणीतून, झाडापासून चांगले दूर राहून करावे. फोटोसाठी बुंध्याशी गर्दी करणाऱ्यांविषयी मला मुळीच आपुलकी वाटत नाही.

सुमारे अडीच महिन्यांनी पिल्लू उडते, तेव्हा त्याच्यात आईबापांचा एकही रंग नसतो. त्यांचे डोके आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ राखाडी. हे मात्र तपकिरी, डोक्या-छातीवर फिकट मातकट. घारींच्या घोळक्यात ते सहज हरवावे असे. अशा वेळी रंग सोडून ठेवण पाहावी. घारीची शेपटी दुभंगलेली असते, गरुडाची आखूड आणि पाचरीसारखी. शिवाय तरंगताना गरुड आपले रुंद पंख वर उचलून धरतो.

प्रौढ पिसारा यायला चार-पाच वर्षे लागतात. मधल्या वर्षांतला पक्षी कुठे तपकिरी, कुठे पांढरा असा ठिगळाठिगळांचा दिसतो आणि त्याचे नेमके वय सांगण्याची चढाओढ लागते. जाणकार माणूस मात्र वहीत नुसते ‘अपक्व समुद्री गरुड’ एवढेच लिहितो, आणि मला ते अधिक पटते.