मागावरचा श्वास

पैठणच्या एक विणकर मावशी दम लागतो म्हणून माझ्याकडे उपचारासाठी आल्या, तेव्हा त्यांचा छातीचा एक्स-रे आणि ईसीजी दोन्ही निर्दोष होते, पिशवीत दम्याचा पंप होता आणि 'मनाला लावून घेऊ नका' असा सल्लाही मिळून गेला होता. तपासणीचे कागद चांगले आले म्हणजे दुखणेच खोटे, असे मानण्याची आमच्या वैद्यकीय क्षेत्रातली सवय घातक आहे. मात्र या वेळी चूक माझीही झाली. "मागावर बसलं की दम कोंडतो ताई, उठलं की मोकळं वाटतं," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी केसपेपरवर 'दम लागतो' एवढेच लिहिले आणि त्यांना उताणे झोपवून पोटाने श्वास घ्यायला शिकवले. तीन आठवड्यांत काडीचाही फरक पडला नाही.

मग त्यांच्या घरी गेले. पदरावरचा मोर विणणे चालू होते. बसण्याची फळी इतकी खाली होती की गुडघे कमरेच्या वर येत, पाठीची कमान होई आणि विणलेले कापड गुंडाळण्याचा लाकडी रूळ थेट पोटात रुते. श्वास घेताना छातीखालचा स्नायूंचा पडदा खाली सरकतो, त्यासाठी पोटाला पुढे यायला जागा लागते. इथे ती जागाच उरली नव्हती, म्हणून मानेचे स्नायू ताणून वरवरचा श्वास चालला होता. त्यातही एकेका रंगाची तिल्ली (रंगीत धागा गुंडाळलेली छोटी कांडी) मोजक्या धाग्यांतून पार होईपर्यंत मावशी श्वास रोखून धरत, हे तासभर शेजारी बसल्यावरच माझ्या ध्यानात आले. त्याच बैठकीत पीक फ्लो मीटरवर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणाऱ्या उपकरणावर, तीन फुंकींतला सर्वांत चांगला आकडा मिनिटाला 290 लिटर आला. फळीवर गोधडीची घडी ठेवून पाठ सरळ केल्यावर तो 330 झाला.

दिवा डोक्यामागे असल्याने कामावर त्यांचीच सावली पडत होती, तो पुढे टांगला. अर्ध्या तासाने उठायलाही सांगितले. पण मजुरी साडीवर मिळते, उठलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

दम बराच कमी झाला होता. परवा गेले, तर गोधडी बाजूला काढून ठेवलेली दिसली. "उंच बसलं की पाय पावडीला पुरत नाहीत," मावशी म्हणाल्या. पावडी म्हणजे मागाची पायाने दाबायची पट्टी. ती उंच करून घ्यायला बुधवारी सुताराला सोबत नेणार आहे.