एका दिवसाचा परवाना

वानफेस, म्हणजे जपानी कार्टून (अॅनिमे) आणि गेममधल्या पात्रांच्या फिगरचा, छोट्या पुतळ्यांचा, जपानमधला मेळा. त्याचं नाव काढलं की आधी आठवतात ती तपकिरी पुठ्ठ्याची खोकी. वर चित्र नाही. फार तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचा एक कागद डकवलेला. आत पारदर्शक पिशवीत पंधरा-वीस फिकट तुकडे, घरी जोडून रंगवायचे. एक चेहरा, केसांच्या चार बटा, कोपरापासून पुढचा हात, झग्याचा घोळ. रंग दिलेला नाही, सोबत गोंदसुद्धा नाही. एवढ्यासाठी पहाटेपासून रांग धरणारी माणसं बघून नवख्याला हसू येतं. दुपारी तोच नवखा एक खोकं छातीशी धरून हिंडत असतो.

पूर्ण नाव वंडर फेस्टिव्हल. वर्षातून दोनदा, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात, एखाद्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. बस्स, तेवढाच. १९८१ साली ओसाकात ‘डायकॉन ३’ हे विज्ञानकथा संमेलन भरलं होतं. त्याच्या कार्यकर्त्यांपैकी काहींनी १९८२ मध्ये जनरल प्रॉडक्ट्स नावाचं दुकान काढलं आणि खेळण्यांच्या मोठ्या कंपन्या ज्या पात्रांकडे ढुंकून बघत नव्हत्या, त्यांची मॉडेल विकायला सुरुवात केली. १९८५ पासून टोकियोत हा मेळा भरवणारेही तेच. १९९२ मध्ये त्यांनी तो काइयोदोच्या हाती सोपवला. काइयोदो म्हणजे १९६४ साली ओसाकाजवळ थाटलेलं मॉडेलचं चिमुकलं दुकान, पुढे फिगर घडवणाऱ्यांचा अड्डा झालेलं. धंद्यात दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी, तरी मेळा मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अलगद गेला.

जुन्या मंडळींच्या आठवणीतला मेळा टोकियो बिग साइट या प्रदर्शनगृहातला, तिथल्या उलट्या पिरॅमिडच्या आकाराच्या इमारतीखालचा. ३ ऑगस्ट २००८ रोजी तिथला माणसांनी गच्च भरलेला सरकता जिना थांबला आणि उलटा खाली घसरला. काही जण जखमी झाले. पुढचा मेळा २००९ च्या उन्हाळ्यात भरला तो टोकियोशेजारच्या चिबातल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शनगृहात. तेव्हापासून घर तेच.

पण जागा बदलली तरी मेळ्याचा स्वभाव बदलला नाही, कारण तो जागेत नव्हताच. तो आहे ‘तोजित्सु हानकेन’ या पद्धतीत. शब्दशः त्या दिवसापुरता हक्क. अॅनिमेतलं किंवा गेममधलं पात्र दुसऱ्याच्या मालकीचं. त्याची फिगर घडवून विकायची तर परवानगी हवी, आणि हौशी माणसाला ती एरवी कोण देणार? म्हणून आयोजक सगळ्यांचे अर्ज गोळा करून हक्कधारकांकडे पाठवतात. अर्ज काही महिने आधी करायचा. त्यात पात्र, आकार, किंमत आणि किती नग विकणार हे लिहायचं, घडवलेल्या मूळ नमुन्याचे फोटो द्यायचे. हक्कधारक तपासतो, आपली रॉयल्टी ठरवतो आणि मंजुरी देतो, ती त्या एका दिवसासाठी, त्या एका सभागृहापुरती. पाच वाजले की परवाना संपला. उरलेली खोकी टपालाने विकता येत नाहीत, दुकानात ठेवता येत नाहीत. पुढच्या मेळ्यात पुन्हा विकायची तर पुन्हा अर्ज.

बहुतेकांचं घोडं अडतं ते इथेच. नमुना वेळेत पुरा होत नाही. किंवा हक्कधारक म्हणतो की हा पोशाख नको, ही तलवार या भागातली नव्हे. काही कंपन्या परवानगी देतच नाहीत, म्हणून अख्ख्या जपानला आवडलेलं एखादं पात्र सभागृहात शोधूनही सापडत नाही. स्वतःच्या कल्पनेतलं पात्र घडवणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही, आणि मेळ्यातल्या सर्वांत विलक्षण गोष्टी बहुधा त्याच टेबलांवर असतात.

विकणाऱ्या हौशी मंडळींना इथे ‘डीलर’ म्हणतात. नाव व्यापाऱ्याचं, काम मात्र मजुराचं. समजा, तीस नग विकायचे आहेत आणि एका फिगरचे वीस भाग आहेत. मूळ भाग अर्धे मऊ मातीत रोवायचे, भोवती ठोकळ्यांची चौकट उभी करायची, त्यावर द्रव सिलिकॉन ओतायचं. ते घट्ट झालं की उलटं करून माती काढायची, विलगक, म्हणजे दोन थर चिकटू न देणारा लेप, फासायचा आणि दुसरी बाजू ओतायची. विलगक विसरला तर दोन्ही अर्धे एकजीव होतात आणि सुरीने कापावे लागतात; ही चूक प्रत्येक जण आयुष्यात एकदाच करतो. मग दोन घटकांचं युरेथेन रेझिन, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, बहुधा वजनाने समसमान, घोटून साच्यात. हाताशी वेळ दोन-तीन मिनिटांचा. साचा उघडायला अर्धा तास धरला तर एका संचातून तासाला दोन, म्हणजे तीस नगांना पंधरा तास. त्यात वीसेक ओतकामांनंतर सिलिकॉन कोरडं पडून फाटू लागतं, मग साचा नव्याने. मेळ्याच्या आदल्या आठवड्यात डीलर मंडळी झोपत नाहीत, ती यामुळे.

उन्हाळ्याच्या मेळ्यातल्या किटमध्ये, म्हणजे खोक्यातल्या तुकड्यांमध्ये, बुडबुडे जास्त, असं जुने गिऱ्हाईक म्हणतात. त्यात तथ्य आहे. रेझिनच्या एका घटकातलं आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. दमट हवेत डबा उघडा राहिला की रेझिन फेसाळतं. थंडीत हा त्रास कमी.

मेळ्याच्या दिवसाची युक्ती सोपी. जाडजूड मार्गदर्शक पुस्तिकेतला नकाशा आदल्या रात्रीच फाडून घ्यायचा, हव्या त्या टेबलांचे क्रमांक लिहायचे आणि ज्याचे नग कमी तिकडे आधी जायचं. मोठ्या कंपन्यांचे मंडप दुपारी पाहिले तरी चालतात. दहा नग आणलेला डीलर मात्र साडेदहाला ‘संपलं’ची पाटी लावून मोकळा होतो. हजार येनच्या नोटा भरपूर न्यायच्या. डीलर किमती गोल आकड्यांत ठेवतात ते सुट्ट्यांची कटकट नको म्हणूनच, आणि दहा हजारांची नोट पुढे करणाऱ्याकडे मागची रांग कशी बघते ते सांगायला नको.

दुपारचे मंडप म्हणजे वेगळीच मजा. काचेमागे करड्या रंगाचे, न रंगवलेले नमुने, शेजारी ‘तपासणी चालू’ अशी छोटी पाटी. कधी तर नमुनाही नाही, नुसती कोरी बैठक आणि पात्राचं नाव. त्या एका नावावर तासभर वाद घालणारे घोळके आठवले की अजून हसू येतं. स्केल १/७ की १/८, चेहरा कोण घडवणार, केस पारदर्शक टोकांचे असतील का!

खोकं घरी आलं की खरा उद्योग सुरू. पहिल्याच रात्री भाग कागदावरच्या यादीशी ताडून घ्यावेत, कारण डीलर कमी पडलेला तुकडा आनंदाने पाठवतो, पण त्याचा साचा शाबूत आहे तोवर. वाकलेला भाग ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा आणि तसाच धरून थंड पाण्यात. मग साच्याची शिवण सुरीने खरवडून ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, पेपर ओला ठेवून आणि तोंडाला मास्क लावून. रेझिनची धूळ फुप्फुसात जाण्यासारखी वस्तू नव्हे.

त्यानंतर धुणं. बहुतेकांचा रंग सोलून निघतो तो इथल्या आळसामुळे. भागांवर विलगकाचा अदृश्य थर असतो. क्लीनर पावडर आणि जुना टूथब्रश घेऊन खाचाखोचा घासल्या नाहीत, तर मास्किंग टेप काढताना रंग टेपबरोबर उठतो, आणि उठतो तो नेमका चेहऱ्यावरचा. धुऊन वाळवल्यावर रेझिनला धरणारं प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारायचं, साधं प्लास्टिक मॉडेलचं नव्हे.

जोड नुसत्या सुपरग्लूवर सोडू नयेत. हातासाठी १ मिमी आणि कंबर-पायांसाठी २ मिमी पितळी तार. दोन्ही भोकं समोरासमोर येत नाहीत ही सगळ्यांचीच तक्रार. एका बाजूच्या भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका ठेवून भाग दाबला की दुसऱ्या बाजूला खूण उमटते. अॅल्युमिनियमची तार वळवायला सोपी, पण एका पायावर उभ्या फिगरला ती पुरत नाही. रेझिन उष्णतेत हळूहळू मऊ पडतं आणि दोन उन्हाळ्यांत बाईसाहेब पुढे झुकतात.

डोळे शेवटी. खाली लॅकर रंग, वर एनॅमल रंग. चुकलं तर एनॅमलच्या थिनरने ओल्या काडीवर पुसता येतं आणि खालचा लॅकर तसाच राहतो. उलट क्रमाने केलं तर लॅकरचा थिनर सगळंच घेऊन जातो.

अर्थात, घेतलेली सगळी खोकी उघडली जातात असं नाही. जपानी मंडळी अशा थप्पीला ‘त्सुमि’ म्हणतात, आणि ती नाही असा रसिक विरळा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं खोकं आज उघडलं तर रेझिन थोडं पिवळं असतं. रंगाखाली ते दिसत नाही. खरी पंचाईत डोळ्यांच्या डेकलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांची, कारण ती पुन्हा कोण छापणार? पिवळी पडली असतील तर पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून टेपने लावावीत. काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात सोडण्याआधी त्यांवर चकाकी वार्निशचा एक पातळ हात मारावा, नाहीतर जुना थर पाण्यातच तुकडे तुकडे होतो. वार्निश मारल्यावर मात्र प्रत्येक डोळा कडेला लागून कापून घ्यावा लागतो.