लाइव्ह मायग्रेशन अडवणारे बावीस बाइट सापडले!

मागच्या अपडेटमधला तिढा हा: लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू व्हीएम (आभासी संगणक) न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणं, अडत होतं. प्रॉक्समॉक्सचे (व्हीएम चालवणारी प्रणाली) दोन्ही नोड, म्हणजे सर्व्हर, हिरवे, कोरम (नोडच्या मतांचं बहुमत) आहे, साधं पिंग जातंय, एसएसएचही होतंय. पण ८ जीबी रॅमची व्हीएम पलीकडे सरकवायला घेतली की टास्क लॉगमधला आकडा सुरुवातीलाच गोठतो. केबल बदलून झाली, एसएफपी मॉड्यूल (केबल पोर्टला जोडणारा तुकडा) बदललं, व्हीएमचा सीपीयू टाइप 'होस्ट'वरून 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' केला (प्रोसेसर वेगळ्या पिढ्यांचे असल्याने तो बदल हवाच होता). काही फरक नाही.

शेवटी कामी आलं ते मोठं पिंग. दोन्हीकडे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) ९०००. त्यातून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट गेले की उरतात ८९७२. फ्रॅगमेंटेशन (पॅकेटचे तुकडे करणं) बंद ठेवून तेवढ्या पेलोडचं (आतल्या डेटाचं) पिंग मारलं, उत्तर नाही. १४७२ जातं. मग मधला आकडा धरून वर-खाली करत गेल्यावर ८९५० जातं, ८९५१ अडतं. म्हणजे नेमके २२ बाइट कमी: इथरनेट हेडर १४, व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) टॅग ४, एफसीएस (फ्रेममधली चूक पकडणारी बेरीज) ४. लिनक्सचे ९००० फक्त आयपी पॅकेटचे असतात. नोडच्या मधल्या या स्विचचे ९००० अख्ख्या फ्रेमचे! लेयर टूवर, म्हणजे स्विचच्या पातळीवर, मोठी फ्रेम गुपचूप टाकली जाते, कुणालाच एरर जात नाही. कोरोसिंक (नोडना एकमेकांची खबर ठेवणारी सेवा) आणि एसएसएच लॉगिनची पॅकेटं लहान, म्हणून ती सुखरूप. मायग्रेशनचं टीसीपी मात्र ८९६०चा एमएसएस (एका सेगमेंटमधला कमाल डेटा) ठरवून पहिल्याच भरलेल्या सेगमेंटला अडकतं.

स्विचवर ९२१६ टाकलं. नोडवर नेटवर्क कार्ड, व्हीलॅन इंटरफेस आणि ब्रिज तिन्हींचा एमटीयू पुन्हा तपासला. एक जरी १५०० राहिला तर सगळं पाण्यात. ही व्हीलॅन दोन नोडपुरतीच असल्याने मायग्रेशन 'इनसिक्युअर' ठेवलंय, एसएसएचच्या एन्क्रिप्शनचा भार नको. आता तीच व्हीएम ९ सेकंदांत पलीकडे जाते आणि चालू पिंगमधलं एकही पॅकेट पडत नाही. काय समाधान आहे ते बघण्यात!

ज्या स्विचमध्ये जंबो फ्रेमला (१५००पेक्षा मोठ्या एमटीयूच्या फ्रेमला) नुसतं चालू-बंद बटण आहे आणि आकडा दिसत नाही, तो क्लस्टरसाठी घेऊच नये.

कोरोसिंकही याच १० गिगाबिटवर आणायचा बेत होता, तो रद्द. मायग्रेशनने लिंक भरली की लेटन्सी वाढणार आणि कोरोसिंकला तीच सोसत नाही. कोरोसिंकची मुख्य वाट, लिंक झीरो, वेगळ्या १ गिगाबिट पोर्टवर, १० गिगाबिट राखीव. कोरममधल्या तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस (मत देणारं बाहेरचं यंत्र) लावायचंय, पण त्याआधी ८९७२चं पिंग ॲन्सिबलच्या (सर्व्हरची कामं आपोआप करणारं साधन) प्लेबुकमध्ये घालतो: नोड रीबूट झाला की पहिली तपासणी तीच.