पडद्यामागची, तिच्याही मागची

रविवार, रात्र

आज पुन्हा ‘सिंगिंग इन द रेन’ हा हॉलिवूडचा सिनेमा लावला. पावसातल्या त्या गाण्याबद्दल वेगळं काय लिहायचं! नायक जीन केली अंगात ताप असताना ते नाचला म्हणतात. पडद्यावर दिसतो तो मात्र निव्वळ चेकाळलेला आनंद.

आज मी अडकलो ते त्यातल्या ‘वुड यू’ या गाण्यापाशी. गोष्ट १९२७ची. बोलपट आले आणि मूकपटांची राणी लीना लॅमाँट हिचा चिरका आवाज उघडा पडायची वेळ आली. मग कॅथी नावाच्या नवख्या पोरीनं पडद्यामागून तिच्यासाठी बोलायचं, गायचं. लीना तशी डँबिसच, करार पुढे करून कॅथीला कायमची बांधून घेऊ बघते. शेवटी भर कार्यक्रमात नायक, त्याचा मित्र आणि स्टुडिओचा मालक मिळून मागचा पडदा ओढतात, खरी गायिका लोकांना दिसते. झाला न्याय!

पण ‘वुड यू’मधला आवाज कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सचा नाहीच. तो बेटी नॉइजचा, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. त्याहून कहर म्हणजे कॅथी लीनाचे संवाद म्हणते तिथे ऐकू येतो तो जीन हेगनचा, म्हणजे खुद्द लीना झालेल्या नटीचा, मूळचा छान आवाज. सिनेमा १९५२चा. त्याच्या तीनच वर्षं आधी आपल्याकडे ‘महल’ आला, तेव्हा ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर लताबाईंच्या नावाऐवजी पात्राचं नाव छापलं होतं, ‘कामिनी’. आपल्या लोकांनी निदान न्यायदानाचा सीन तरी घातला नव्हता.

गाणीही बहुतेक जुनीच. गीतकार आर्थर फ्रीड आणि संगीतकार नासिओ हर्ब ब्राउन यांची, आधीच्या सिनेमांत वाजून गेलेली. बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या पटकथाकारांना सांगितलं, या गाण्यांभोवती गोष्ट रचा. सांधा कुठे दिसत नाही, ही खरी करामत. ‘गुड मॉर्निंग’ तर १९३९चं, आणि इथे नायक, मित्र आणि कॅथी सोफा उलटवत नाचतात तेव्हा ते आजच सुचलंय असं वाटतं. (‘ब्रॉडवे मेलडी’चा लांबलचक नाच आजही पुढे ढकलला. त्यात नाचणाऱ्या सिड शॅरिसची क्षमा मागून.)

हेगनला ऑस्करचं नामांकन तरी मिळालं. नॉइजबाईंनी थेटरात बसून तो पडदा ओढलेला पाहिला असेल, तर शेजारच्याला काही सांगितलं असेल का?