एमएच-३१ आणि एमएच-४९ यांच्यामधले चार दिवस

माझा मामेभाऊ २०२४ च्या विधानसभेला अपक्ष उभा राहिला. डिपॉझिट गेलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे निकाल कोणी विचारायला नको. खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता, कारण घरात वही नीट ठेवणारा मी एकटाच. उमेदवारी अर्ज, शपथपत्र, १० हजारांचं डिपॉझिट, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, छाननी, सगळं सुरळीत झालं. आज डोक्यात राहिली आहे ती फक्त एक ऑटोरिक्षा.

पक्षवाल्यांचं चिन्ह आधीच घरोघरी पोहोचलेलं असतं. आम्हाला ते मिळालं ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. भाऊबीज आदल्याच दिवशी झालेली. १८ च्या संध्याकाळी प्रचार बंद, २० ला मतदान. एवढ्या दिवसांत नाव, चेहरा, चिन्ह, तिन्ही लोकांच्या डोक्यात भरायचं. सभा घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून नागपुरातल्या मानेवाड्याच्या ओळखीच्या माणसाची एक रिक्षा ठरवली, वर भोंगा बांधला. रिक्षा एमएच-४९ ची.

गाडी प्रचारात फिरवायला परवाना लागतो, त्यासाठी ५ तारखेला ऑनलाइन अर्ज केला. आरसी, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळं जोडलं. ६ ला संध्याकाळी परवाना हातात आला. मी इतका खूश, की वाचलाच नाही. काचेवर मूळ प्रतच लावायची, झेरॉक्स चालत नाही, एवढं माहीत होतं. ती लावली आणि झोपलो.

७ ला सकाळी रिक्षा निघाली आणि अर्ध्या तासात फोन. "भाऊ, पथकानं थांबवलं. म्हणते, कागद दुसऱ्याच गाडीचा आहे."

गेलो. पथकातल्या साहेबांनी काचेवर बोट ठेवून दाखवलं. कागदावर एमएच-३१, पाटीवर एमएच-४९. पुढची अक्षरं, आकडे सगळे तंतोतंत. शहराची जुनी पाटी ३१, पूर्व आरटीओची ४९, हे नागपूरकराला सांगायला नको. टाइप करणाऱ्याचं बोट सवयीनं ३१ वर गेलं असणार. पथकानं व्हिडिओ काढला, भोंगा बंद करायला लावला, गाडी घरी न्या म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी निदान कागद वाचला.

राग आहे तो एका टेबलावर. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. टेबलामागचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "तुम्हीच चुकीचं भरलं असन." मी अर्जाची प्रिंट पुढे केली, त्यावर ४९. मग म्हणाले, नवीन अर्ज करा. नवीन केला, तर आधीचा परवाना रद्द झाल्याशिवाय दुसरा निघत नाही. रद्द कोण करणार? ज्यांनी सही केली ते. ते कुठे आहेत? दौऱ्यावर. कधी येतील? "येऊन राहिले ना बाप्पा, बसा." बसलो. समोरच्या भिंतीवर आचारसंहितेत काय करावं आणि काय करू नये याचा तक्ता लावलेला. तो मी त्या दिवसांत इतक्यांदा वाचला की भोंगा रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा हे झोपेतही सांगेन. आमचा तर दिवसाही बंद होता.

शनिवार, रविवार. निवडणुकीत सुट्टी नसते म्हणतात. त्या टेबलाला होती. तिकडे रिक्षावाला रोज विचारे, "काहून भाऊ, आज तरी निघायचं का?" दुसऱ्यांच्या गाड्या आमच्याच गल्लीतून गाणी वाजवत जात होत्या.

सोमवारी, ११ ला, त्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आरसी आणि परवाना शेजारी ठेवले, दोन्हीवर पेन्सिलीनं टिंब केलं, आत गेल्या, सही घेऊन आल्या. चहा निवायच्या आत काम झालं. आनंद व्हायला हवा होता. मला उलट जास्तच चीड आली.

हो, पत्रकं छापणार असाल तर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापल्याशिवाय गठ्ठा उचलू नका, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ आहे ते. आणि कोणाच्या कुंपणावर फलक लावायचा तर घरमालकाची लेखी संमती घ्या, तो सख्खा काका असला तरी.

खरी मेख पुढे होती. खर्चाची वही तपासणीला नेली. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. मी एकूण एक पान भरलेलं. तपासणाऱ्यांनी त्यांची छाया नोंदवही, म्हणजे आमच्या खर्चाची त्यांनी स्वतंत्र ठेवलेली नोंद, उघडली. त्यात आमची रिक्षा ७ पासून रोज धावत होती, ठरलेल्या दरपत्रकानं भाडं लावून! नियम असा, की परवाना घेतलेली गाडी दोन दिवसांहून जास्त वापरायची नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना तसं कळवायचं. नाही कळवलं, तर वापरली असंच धरतात. खर्चाची मर्यादा ४० लाखांची, आम्ही तिच्या आसपासही नव्हतो. पण गल्लीत उभ्या असलेल्या गाडीचं भाडं मी माझ्या वहीत का लिहू? आणि नाही लिहिलं तर तफावतीची नोटीस.

वाचवलं ते एका शिक्क्यानं. दुरुस्तीच्या अर्जात मी "तोवर गाडी बंद आहे" असं एक वाक्य घातलं होतं. ७ ला तो अर्ज त्या गृहस्थांनी "ठेवून जा" म्हणत घेतला. ८ ला मी हट्ट धरून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घेतली. तेव्हा ते चिडले होते, मागे रांगेतलेही चिडले होते. तुम्हीही पहिल्याच दिवशी चिडवा. एका दिवसानं माझं नुकसान झालंच.

८ ते ११ चे दिवस वगळले. ७ चं पूर्ण दिवसाचं भाडं कायम राहिलं. त्या दिवशी रिक्षा अर्धा तास चालली होती.