पाटी नसलेलं घर

आज एका निवारागृहात जुनी गोष्टींची पुस्तकं द्यायला गेले. बाहेर पाटीच नाही. नवऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून. रिक्षा मीही अलीकडच्या चौकातच सोडली.

आत एकजण भाकऱ्या थापत होती. मनगटावरचा काळानिळा वळ आता पिवळा पडत आलेला. "निघताना पोरीचं दप्तर तेवढं उचललं ताई. रेशनकार्ड, आधार, समदं तिकडंच." महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तिने फोनमध्ये 'गॅसवाला' म्हणून सेव्ह केला होता. काय डोकं!

समुपदेशक सांगत होत्या, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचं कलम १७, घर नावावर नसलं तरी राहायचा हक्क आहे. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "हक्क हाय. पर रातच्याला कडी कोण काढनार?"

पोरगी दप्तर उशाशी घेऊन झोपली होती.