डेक्कन क्वीनने जाऊन फोर्टातला शोधखेळ : सोळा जणांचा एक दिवस

पुण्याहून गट घेऊन मुंबईला जायचं म्हटलं की कार्यक्रम ठरलेला असतो. बस, गेटवे, मरीन ड्राइव्ह, चौपाटीवर भेळ आणि घरी. पुढचे तिघं गप्पांत, मागचे पाच कुणाची तरी वाट बघत, आणि दिवसभर पाहिलं काय, तर एकमेकांच्या पाठी. शोधखेळ, म्हणजे चिठ्ठीवरच्या प्रश्नांची उत्तरं रस्त्यावरच्या इमारती-पुतळ्यांत शोधत फिरायचं. तो लावला की तीच माणसं मान वर करून छपरं बघायला लागतात. भिशीचा गट, निवृत्त सहकारी, सोसायटीतली मंडळी, सगळ्यांना हा खेळ चालतो. माझं आता पक्कं बसलेलं गणित इथे देते.

सुरुवात तिकिटापासून, कारण सगळा दिवस त्याला बांधलेला आहे. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) लागते आणि संध्याकाळी ५.१०ला परत निघते. म्हणजे हातात साडेसहा तास. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा नावं बसतात. सोळा जणांची सहा-सहा-चार अशी तीन तिकिटं काढायचा मोह होतो. मी चार-चारची चार काढते. एका तिकिटावरचे चौघं म्हणजे एक संघ. जागा डब्यात विखुरल्या तरी संघातले बहुतेक वेळा जवळजवळ बसतात, आणि लोणावळा येईपर्यंत त्यांचं आपसात जमलेलं असतं.

संघ चौघांचाच का? काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार माणसं बसतात आणि उडप्याच्या टेबलाला चार खुर्च्या असतात. पाच झाले की एक जण कायम उपरा. तिघांत दोघांचं जमतं आणि तिसरा मोबाइल बघतो. नवरा-बायको एका संघात ठेवत नाही, नाहीतर निम्मा वेळ घरचेच विषय चालतात. कामंही वाटून द्यायची. एकाने चिठ्ठी वाचायची, एकाने उत्तरं लिहायची, एकाने फोटो काढायचे. चौथा ‘शेपूट’. त्याने शेवटी चालायचं आणि चौघंही रस्ता ओलांडून आले की नाही ते बघायचं. शेपूट कामसू माणसाला द्यावं. हौशी माणूस सगळ्यांच्या पुढे पळतो.

वार शनिवारच. रविवारी फोर्ट, म्हणजे दक्षिण मुंबईतला जुन्या किल्ल्याचा भाग, रिकामा मिळतो, फोटो छान येतात, पण ऑफिसांच्या गर्दीवर चालणारी बरीच हॉटेलं बंद असतात आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही बहुधा रविवारीच. कामाच्या दिवशी पदपथावर थांबून वर बघायचं म्हणजे धक्के खायचे. शनिवारी सरकारी कार्यालयं बंद, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकाही बंद, जेवणाची सोय मात्र चालू. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. काळा घोडा महोत्सवाचे दिवस तेवढे टाळायचे. त्या गर्दीत घोडासुद्धा सापडत नाही.

आता दिशा. पहिल्यांदा सगळे सीएसएमटीपासून गेटवेकडे खेळ आखतात. ते चुकतं. खेळ गेटवेला संपला की चार वाजता, पाय दुखत असताना, सोळा जणांसाठी टॅक्सी शोधत बसायचं आणि डोळे घड्याळावर. त्यापेक्षा उतरल्यावर नाश्ता करून, ताजेतवाने असतानाच चार टॅक्सी करून गेटवे गाठायचं आणि तिथून खेळत खेळत स्टेशनाकडे यायचं. सगळं चालणं तीन किलोमीटरच्या आत-बाहेर. दुसरा फायदा उन्हाचा. गेटवेचा चौक उघडा आहे, तो साडेअकराला उरकतो. दुपारचा टप्पा दादाभाई नौरोजी रस्त्यावर येतो, तिथे इमारतींच्या कमानींखालून सावलीत चालता येतं.

खेळाचे तीन टप्पे करते. पहिला गेटवे ते काळा घोडा, ५० मिनिटं. दुसरा हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कल, एक तास. मग जेवण. तिसरा स्टेशनपर्यंत, पुन्हा एक तास. प्रत्येक टप्प्याचं पाकीट वेगळं, आत चार चिठ्ठ्या, आणि टप्प्यातला चिठ्ठ्यांचा क्रम प्रत्येक संघाला वेगळा. सगळ्यांना एकच क्रम दिला की पहिला संघ शोधतो आणि बाकीचे त्याच्या मागे मेंढरांसारखे. सगळा मार्ग एकाच पाकिटात दिला तर एक संघ हॉर्निमनला आणि एक अजून समुद्र बघतोय, अशी गत होते. टप्पा संपला की ठरलेल्या जागी सगळे जमतात, मुंडकी मोजायची, पुढचं पाकीट द्यायचं.

खेळाचा खरा जीव प्रश्नांत आहे. माझी कसोटी एकच: उत्तर जागेवर उभं राहून डोळ्यांनी मिळालं पाहिजे, फोनवर नाही. ‘गेटवे कधी पूर्ण झालं?’ हा वाया गेलेला प्रश्न. त्याऐवजी मी विचारते, ‘कमानीवर कोरलेलं साल आणि कमान खुली झाली ते साल यांत किती अंतर?’ कमानीवर रोमन आकड्यांत १९११ आहे, कारण पंचम जॉर्ज आणि राणी मेरी त्या वर्षी उतरले. कमान खुली झाली डिसेंबर १९२४मध्ये. उत्तर तेरा. फोन निम्मंच काम करतो, उरलेल्यासाठी मान वर करून रोमन आकडे जुळवत उभं राहावं लागतं. आणि शाळेत शिकलेले रोमन आकडे गटातल्या सगळ्यात वयस्क माणसालाच आठवतात, त्याने रंगत येते.

जोडीच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त रंगतात. ‘आज दोन घोडे भेटतील. एकावर महाराज आहेत. दुसऱ्यावर कोण?’ पहिला सोपा, गेटवेसमोरच्या बागेतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. दुसरा काळा घोडा. इथे फोन काढणारे हमखास फसतात. शोधलं की सातवा एडवर्ड असं उत्तर येतं. पण तो जुना पुतळा घोड्या-स्वारासकट १९६५मध्ये इथून हलवला गेला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. सध्या चौकात आहे तो २०१७ साली बसवलेला घोडा आणि त्याच्या पाठीवर कोणीच नाही. समोर उभं राहून ‘एडवर्ड’ लिहिणारा संघ दरवेळी एक तरी निघतोच.

दुसरी जोडी मशालींची. एक हुतात्मा चौकात, संयुक्त महाराष्ट्राच्या स्मारकावर शेतकरी आणि कामगाराच्या हातात. दुसरी सीएसएमटीच्या घुमटाच्या टोकावर उभ्या असलेल्या ‘प्रगती’च्या उजव्या हातात. तिच्या डाव्या हातात चाक आहे, तो वेगळा प्रश्न. रोज लोकलने येणाऱ्यांनाही ती बाई ठाऊक नसते. खालून बारीक दिसते, म्हणून रस्त्यापलीकडे महापालिकेच्या बाजूने बघायचं. दर संघाला एक छोटी दुर्बीण दिली तर उत्तम, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून. हुतात्मा स्मारकापाशी मात्र फक्त बघायचा प्रश्न ठेवते. नाचायचं, मनोरा करायचा, असली फोटोची कामं तिथे द्यायची नाहीत.

तिसरी चिठ्ठी माझी लाडकी. ‘चर्चगेट या नावातलं चर्च शोधा आणि त्याच्या दारात चौघांचा फोटो काढा.’ अर्धे लोक थेट चर्चगेट स्टेशनाकडे सुटतात. चर्च आहे उलट्या बाजूला, हॉर्निमन सर्कलजवळ, १७१८ सालचं सेंट थॉमस कॅथेड्रल. जुन्या किल्ल्याचा त्याच्या रोखाने असलेला दरवाजा तो चर्च गेट. एखादा संघ खरंच स्टेशनापर्यंत गेला तर वीस-पंचवीस मिनिटांचा खड्डा पडतो, म्हणून चिठ्ठीखाली एक ओळ लिहायची: फ्लोरा फाउंटनच्या पश्चिमेला जाऊ नये. ही ओळ म्हणजे अर्धं उत्तर आहे, पण ती न लिहिण्याची किंमत जास्त.

दुसरा टप्पा एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर संपतो. ही इमारत म्हणजे १८३३चं टाउन हॉल, समोर भव्य खांब. प्रश्न साधा: पायऱ्या किती? तीस म्हणतात. पण एक जण मोठ्याने मोजत चढतो, दुसरी मनात मोजत उतरते, तिसरा पदपथाची कड धरतो, आणि चौघांचे चार आकडे. म्हणून २९ ते ३१ सगळं बरोबर धरायचं, पण हे आधी सांगायचं नाही. मोजून झालं की तिथेच बसून पंधरा मिनिटांचं रेखाटन. प्रत्येकाला टपालाच्या कार्डाएवढा जाड कागद आणि पेन्सिल. रबर द्यायचं नाही, दिलं की माणसं पंधरा मिनिटं खोडतच बसतात. हे चित्र गुणांसाठी नाही, दमलेल्या गुडघ्यांना विश्रांती म्हणून. त्यासाठी उभ्या चढाच्या पायऱ्या ज्यांना नको, त्यांनी समोर हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसावं.

तयारीचं सामान थोडकं. चिठ्ठ्या मोठ्या टायपात, १८ पॉइंटच्या खाली नको, चष्मा काढ-घाल करण्यात वेळ जातो. देवनागरी वाचायला अडखळणारं कोणी असेल तर त्याच संघात खणखणीत वाचणारं माणूस. संघागणिक दोन पेनं, एक हरवतंच. उत्तराचा कागद जाड पुठ्ठ्याला क्लिप लावून. पाकिटांवर संघाचा रंग, नाहीतर हिरव्यांचं पाकीट लालांकडे जातं आणि सगळा क्रम फिसकटतो. आणि आठवडाभर आधी, शक्यतो शनिवारीच, एकदा मार्ग चालून यायचा. त्याशिवाय खेळ लावू नये. जुन्या इमारतींची डागडुजी सतत चालू असते. परांचीखाली अर्धा दर्शनी भाग झाकला गेला की तुमची चिठ्ठी मेली. कारंजं बंद, रस्ता खणलेला, बागेला कुलूप, हे सगळं होतं. दर टप्प्याला एक राखीव चिठ्ठी खिशात असावी. दुकानांच्या पाट्यांवर प्रश्न बेतू नयेत, पाट्या बदलतात.

गुण: बरोबर उत्तराला १०, मदत मागितली तर उणे ३, फोटोला ५, पण फोटोत चौघंही दिसले पाहिजेत, नाहीतर शून्य. पहिलं येण्याला एकही गुण नाही. हा नियम सुरुवातीला ठणकावून सांगायचा. वेगाला गुण ठेवले की साठीचे काकासुद्धा सिग्नल तोडतात. उशिराला मात्र दर पाच मिनिटांना उणे ५. सीएसएमटीसमोरचा रस्ता फक्त भुयारी मार्गाने ओलांडायचा. त्याला अनेक तोंडं आहेत आणि आत दुकानंही, तिथे संघ फुटतो. कुठल्या तोंडातून वर यायचं ते तिसऱ्या पाकिटावरच लिहून ठेवते.

जेवणाला दीडच्या आत बसावं. सोळा जणांना एकत्र जागा मिळत नाही, चार टेबलं मिळतात, आणि चौघांचे संघ असल्यामुळे कोणी रुसत नाही. आदल्या दिवशी फोन करून थाळ्या सांगून ठेवायच्या. इराण्याचा बन-मस्का आणि चहा सकाळच्या नाश्त्याला ठेवावा, जेवणाच्या वेळी त्याने कुणाचं भागत नाही. स्वच्छतागृहाच्या वेळा कार्यक्रमातच लिहाव्यात: उतरल्यावर स्टेशनवर, जेवताना हॉटेलात, परत स्टेशनवर. ‘मध्ये कुठेतरी बघू’ म्हटलं की फोर्टात बघतच राहावं लागतं. गेटवेला सामानाची तपासणी असते आणि शनिवारी रांग लागते, म्हणून मोठ्या पिशव्या आणायच्याच नाहीत, असं गटाला आदल्या आठवड्यात सांगते.

ज्यांना दुपारचा टप्पा चालवत नाही त्यांच्यासाठी आता मेट्रो आहे. हुतात्मा चौक ते सीएसएमटी, भुयारी मार्गिकेवर एकच स्थानक. संघातले दोघं चालतात, दोघं मेट्रोने जाऊन घुमटावरच्या प्रश्नाला आधी भिडतात. याला मी गुण कापत नाही.

पावणेचारला खेळ थांबवायचा, कितीही प्रश्न उरले तरी. मग चहा, पुन्हा मुंडकी, आणि साडेचारला फलाटाकडे. निकाल स्टेशनवर जाहीर करायचा नाही. वाद निघतात आणि गाडी उभी असते. उत्तराचे कागद गोळा करून गाडीतच तपासते, दादर सुटलं की सुरू केलं तर कल्याणच्या पुढे आकडे तयार होतात. बक्षीस एकच, खाण्याचं, सगळ्या डब्यात फिरेल असं. पायऱ्या २९ की ३१ यावर मात्र घाट संपेपर्यंत बोलणं चालू असतं.